दुखत नाही म्हणून एक्स-रे टाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खुबा बदलला की किती दिवसांत चालता येईल, हे जो तो विचारतो. पंधरा वर्षांनी आतलं हाड कसं असेल, हे मीही विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा डावा खुबा बदलला तेव्हा मी ४७ वर्षांची होते. पुढची बारा वर्षं काही दुखलं नाही, म्हणून एक्स-रेही काढला नाही. मग जिना चढताना जांघेत कळ येऊ लागली. तोवर कृत्रिम खुब्याची वाटी (मांडीच्या हाडाचा गोळा जिच्यात फिरतो ती) सैल होऊन वर सरकली होती आणि तिच्यामागचं हाड पोखरलं गेलं होतं. प्लास्टिकच्या वाटीची झीज होते, तिचे सूक्ष्म कण शरीराला सोसत नाहीत आणि त्यात आपलंच हाड विरघळत जातं. हे सगळं बिनबोभाट चालतं.

नवी वाटी बसवण्याआधी तो खड्डा भरावा लागला. दुसऱ्या रुग्णाच्या खुब्यातून काढलेला, हाडपेढीत गोठवून ठेवलेला हाडाचा गोळा घेऊन त्याचे सेंटिमीटरभराचे तुकडे केले आणि ठोकून ठोकून घट्ट बसवले. वर सिमेंट आणि वाटी. नेदरलँड्समधल्या नायमेखेनला १९७९ पासून ही पद्धत वापरतात. अशा काही वाट्या वीस-पंचवीस वर्षं टिकल्याच्या नोंदी आहेत. उलट हाडाचा एकच मोठा तुकडा बसवला, तर पहिली काही वर्षं तो छान दिसतो, पण पुढे विरघळून खचण्याचा आणि वाटी सैल होण्याचा धोका बराच जास्त. म्हणून नुसतं ‘ग्राफ्ट केलं’, म्हणजे हाडाची भर घातली, एवढं कळून भागत नाही.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर मात्र तेवढंच लिहिलं होतं. कोणाचं हाड, तुकडे की सलग, काही नाही. मी तीनदा खेटे घातले तेव्हा ते लिहून मिळालं. पहिल्या ऑपरेशनच्या एक्स-रे फिल्म तर रुग्णालयाने केव्हाच नष्ट केल्या होत्या, त्यामुळे वाटी मूळ जागेपासून नेमकी किती सरकली होती ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतरच्या फिल्म मी जपून ठेवल्यात. खिडकीच्या काचेवर ओळीने लावल्या की पहिलीत वाटीच्या वर खडीसारखे दाणे दिसतात. पुढच्या फिल्ममध्ये ते दाणे पुसट होत जातात आणि त्या जागी शेजारच्या हाडाला जुळणाऱ्या बारीक रेषा उमटतात, म्हणजे ती भर माझ्या हाडात मिसळत गेली. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

ग्राफ्टचा प्रकार कार्डावर लिहावा आणि ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे रुग्णाच्या हाती द्यावा, एवढी डॉक्टरमंडळींना विनंती. पुढच्या आठवड्यात माझा चौदाव्या वर्षाचा एक्स-रे आहे. आधीच्या सगळ्या फिल्म पिशवीत भरून ठेवल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका