जांबोटी रोडच्या चहावाल्या आक्कांना, कोंबड्या झाकून ठेवल्याबद्दल

आक्का, नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही ते मला माहीत आहे. तुमच्या लेकाच्या मोबाईलवर पाठवतोय, त्यानं रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखवावं, मधेमधे कॅमेऱ्याचं काहीबाही आलंय ते गाळलं तरी चालेल. बाकीच्यांनी पण वाचावं म्हणून उघडंच लिहितोय, कारण एप्रिल-मे मधले फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलं की हा स्पॉट कुठला, आणि दर वेळी मी "कणकुंबी साइडला" एवढं म्हणून गप्प बसलो. खरं सांगायला जरा लाजच वाटत होती. स्पॉट म्हणजे तुमच्या टपरीच्या मागं तुम्ही भांडी विसळलेलं पाणी ओतता ती जागा.

पहिल्यापासून सांगतो. मी बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यांच्या भागात एका मशीन शॉपमध्ये आहे, दिवसभर मायक्रोमीटरनं जॉब मोजायचे आणि संध्याकाळी अंगाला कूलंटचा वास घेऊन घरी यायचं. गेल्या दिवाळीत एक सेकंडहँड कॅमेरा घेतला, त्यावर ५५-२५० ची लेन्स, आणि फुलपाखरांचं खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. थंडीत व्हॅक्सिन डेपोत सकाळच्या वॉकिंगवाल्यांच्या पायात पायात करत प्लेन टायगर, कॉमन क्रो, लेमन पॅन्सी अशी नेहमीची मंडळी काढून झाली. मग मार्च संपला, गवत वाळून गेलं, घाणेरीची फुलं सुद्धा करपली आणि फुलपाखरं गायब. एका जाणत्या माणसाला विचारलं तर म्हणाला, आता कॅमेरा कपाटात ठेव, सप्टेंबर-ऑक्टोबरला काढ. तो काय चुकीचं बोलला असं नाही, पावसाळा सरताना संख्या जास्त असतेच. पण सह्याद्रीत फुलपाखरांच्या तीनशेच्या वर जाती आणि त्यातल्या काही बरोब्बर पावसाच्या आधी, ऐन उन्हाळ्यात बाहेर पडतात हे मी वाचलं होतं, त्यात त्या शेपटीवाल्या स्वोर्डटेलचे फोटो बघितलेले, त्यामुळं मला काय घरात बसवेना.

तर सलग तीन रविवार मी जांबोटी, आमटे, कणकुंबी असा गाडी मारत हिंडलो. आणि कसा हिंडलो तर आधी घरी पोटभर नाष्टा करून दहाला निघायचं, साडेअकराला पोचायचं आणि मग फुलं हुडकायची. फुलं! एप्रिलच्या उन्हात! एकेका झाडाखाली मान वर करून अर्धा अर्धा तास उभा राहायचो, घामानं व्ह्यूफाइंडर धुरकट व्हायचा, कॅमेऱ्याची काळी बॉडी एवढी तापायची की गालाला टेकवली की चटका. तीन रविवारांत हाताला काय लागलं तर एक कॉमन इमिग्रंट, ते पण अर्धं फ्रेमच्या बाहेर.

तिसऱ्या रविवारी तुमच्या दारात आलो तेव्हा गाडी स्टँडला लावता लावताच डोळ्यापुढं अंधारी आली. हेल्मेट काढायचं भान नव्हतं. तुम्ही हात धरून आत सावलीला बसवलंत, मानेवर ओला टॉवेल टाकलात आणि कोकमाचं सरबत दिलंत, जिरं आणि मीठ जरा जास्तच घातलेलं. तीन ग्लास प्यालो. तुम्ही विचारलंत, "काय हुडकालास रे तम्मा या उनात?" तम्मा म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ. मी म्हटलं फुलपाखरं. तुम्हाला वाटलं माझ्या डोक्यात ऊन शिरलंय. मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघून म्हणालात, "ती काय, मागं बसाल्यात की मोरीपाशी. रोज बसतात."

मी मागं गेलो आणि खरं सांगतो आक्का, पायच हलेनात. टपरीच्या मागं तो फणस, त्याच्या मुळाशी सांडपाण्याची ओल, दोन हात रुंद असेल नसेल, बाजूला तुमच्या म्हशी बांधायची जागा, आणि त्या ओलीवर वीस-पंचवीस फुलपाखरं एकाला एक चिकटून पंख मिटून बसलेली, हळदीकुंकवाला बायका बसतात तशी. कॉमन जे, कॉमन ब्लूबॉटल, पांढरी अल्बाट्रॉस, आणि मधे तीन फाइव्ह-बार स्वोर्डटेल. तीच, ज्यांच्यासाठी तीन रविवार तडफडलो ती. पांढऱ्या पंखावर काळे पट्टे, बुडाशी पोपटी झाक आणि मागं ही लांब शेपटी. आणि तुम्ही आतून ओरडताय, "तिकडं घाण हाय बघ, चप्पल घालून जा."

ती घाणच त्यांना पाहिजे असते हे मला नंतर नीट कळलं. चिखलावर बसणारी ही बहुतेक सगळी नर. फुलांच्या मधात साखर भरपूर पण मीठ नाही म्हटलं तरी चालेल, आणि त्यांना हवा असतो मिठातला सोडियम. मग जिथं खारट ओल, म्हशीचं मूत, घासलेल्या भांड्यांचं पाणी, माणसाचा घाम, तिथं हे सोंड लावून बसणार. शोषलेल्यातला थोडा सोडियम मीलनाच्या वेळी मादीला देतात, तो पुढं अंड्यांच्या कामी येतो. उन्हाळ्यात ओढे आटतात, ओल कुठंच राहत नाही, म्हणून आख्ख्या रानातली अशी पोरं तुमच्या मोरीवर जमतात. मी वर झाडांकडं बघत हिंडलो आणि सगळा बाजार खाली चिखलात भरलेला.

एक गोष्ट तुम्हाला फोटोत दाखवली होती, आठवतंय का, तो कॉमन जे पुढून सोंडेनं पाणी ओढतोय आणि मागून टप टप थेंब उडवतोय? तुम्ही पदर तोंडाला लावून हसला होता. ते तसंच असतं, मीठ तेवढं आत ठेवायचं आणि पाणी मागच्या दारानं बाहेर, पंपच म्हणायचा. तो थेंब हवेत पकडायला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवून मी शंभर तरी फोटो मारले असतील, त्यात दोन बरे आले. जवळून काढताना फोकस एवढा पातळ असतो की डोळा शार्प आला तर पंख गेला, पंख धरला तर डोळा गेला. आमच्या शॉपमधले टॉलरन्स त्यापेक्षा सोपे. शेवटी कॅमेरा पंखाला बरोबर समांतर धरायचा, लेन्सचं तोंड बारीक करून एफ आठवर जायचं, पोटावर झोपायचं आणि आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही. पोटावर झोपायला तुम्ही खताचं रिकामं पोतं दिलंत. ते अजून माझ्या डिकीत आहे, परत द्यायचं राहिलंय.

पण खरे आभार मानायचेत ते कोंबड्यांबद्दल. पहिल्या दिवशी मी जेमतेम सेट होतोय तोवर तुमची ती मानकापी कोंबडी तुरुतुरु आली आणि एक अल्बाट्रॉस उचलून गिळून मोकळी, बाकी सगळी भुर्र. माझं तोंड बघून तुम्ही काही बोलला नाहीत. पुढच्या रविवारी तुम्ही सांगितलं होतं तसा आठलाच आलो, तर बघतो काय, सगळ्या कोंबड्या डालग्याखाली झाकलेल्या, वर दगड ठेवलेला, आणि चहाला आलेल्या ट्रकवाल्यांना तुम्ही सांगताय, "मागं जाऊ नका वो, आमचं पोरगं फोटो काढालंय." सहा रविवार तुम्ही त्या कोंबड्या अकरापर्यंत झाकून ठेवल्यात. अंडी कमी घातली असतील तर ते पण माझ्या खात्यावर मांडा.

आणि आठला यायचा सल्ला किती पक्का होता. फुलपाखराला स्वतःची ऊब नसते, सकाळी पंख उन्हाला पसरून अंग तापवायचं, मग दोन-तीन तास धावपळ, आणि बाराचं ऊन झालं की पानाच्या खाली पंख मिटून गप्प बसायचं. म्हणजे मी बरोबर त्यांच्या झोपायच्या वेळेला पोचत होतो. तुम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं, तुम्ही म्हणालात, "बारानंतर म्हस पण हलत नाही, पाखरू कशाला हलंल."

फणसाचं सांगायलाच पाहिजे. मे लागला आणि पिकलेला फणस कापून त्याचा पाव, म्हणजे मधला दांडा, आणि चारखंड, म्हणजे गऱ्यांभोवतीचा चोथा, तुम्ही मागं टाकायला लागलात, आंबूस वास सुटला, माश्या आल्या, मी नाक धरून बसलेलो. त्यावर कॉमन नवाब आला, दोन वेळा टॉनी राजा आला, या लोकांना फुलांशी काही देणंघेणं नाही, सडकं फळ, शेण, झाडाचा चीक असलंच लागतं. नाव बघा, नवाब आणि राजा, आणि बसणार कशावर! एका रविवारी मी त्या फणसाकडं पाच मिनिटं बघत होतो, त्यावर एक वाळकं पान पडलेलं, फ्रेममध्ये येतंय म्हणून काडीनं बाजूला करणार, तेवढ्यात तुम्ही मागून म्हणालात, "थांब, ते पान न्हवे." ब्लू ओकलीफ नावाचं फुलपाखरू. मधोमध शीर, खाली देठ, वर बुरशीसारखे ठिपके, सगळं हुबेहूब वाळक्या पानाचं. मी काडी तशीच धरून बसलो. मग त्यानं एकदाच पंख उघडले आणि आतून तो गडद निळा, वर फिकट पट्टा, आणि परत पान. उघड्या पंखाचा फोटो मिळाला नाही. मिटलेल्याचे चाळीस आहेत, घरात दाखवले तर बायको म्हणाली रविवारभर हिंडून पानांचे फोटो काढून आणलास काय.

त्याच रविवारी राणी पाकोळी पण आली, ब्लू मॉरमॉन, काळ्यावर निळी छापल्यासारखी, मोरीवर दहा मिनिटं बसली. ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५ साली ठरवलेलं. आणि तासाभरात वरून फणसाच्या शेंड्यावरून ते जवळजवळ वितीएवढं काळं-पिवळं सदर्न बर्डविंग तरंगत गेलं, ते कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू. ते काय खाली उतरलं नाही, माझ्याकडं त्याचा एक धुरकट पिवळा डाग आहे फक्त. तुमच्या लेकाला मी म्हटलं, बघ, सीमाप्रश्न तुमच्या टपरीवर मिटला, दोन्हीकडची येऊन गेली. तो म्हणाला, आता बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा तेवढं त्यांना विचारून सांगा. चहा पीत बसलेले एक धारवाडकडचे काका म्हणाले आमच्यात याला पातरगित्ती म्हणतात, गोव्याचा टेम्पोवाला म्हणाला पिसोळें, आणि तुम्ही सगळ्यांना मिळून पाखरू म्हणून मोकळ्या.

शेवटचं, कढीपत्त्याचं. दारातल्या झाडावरच्या अळ्या तुम्ही काढून कोंबड्यांना टाकत होता, मी म्हटलं एक फांदी सोडा. तुम्ही सोडलीत, पण त्या चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळीला काडी लावल्यावर तिनं डोक्यामागून केशरी शिंगं काढली तेव्हा "कसला वास मारालाय हा!" म्हणून मलाच ओरडलात. ती पुढं हिरवी झाली, मग कोष झाला. आणि फुटला कधी तर बुधवारी सकाळी. लेकानं फोन केला, मी मशीनवर, निघणं शक्य नव्हतं. रविवारी आलो तर तुम्ही हातातलं काम टाकून मला सगळं करून दाखवलंत, दोन्ही हात आधी मुठीत चुरगळून, "असं ओल्या फडक्यागत हुतं बघ, मग उलटं लोंबकळलं, मग हे असं हळू हळू हळू," म्हणत बोटं उघडत गेलात, आणि पीठ लागलेली ती बोटं शेवटी पुरती ताठ झाल्यावर म्हणालात, "चहा उतू गेला माझा त्या नादात." लाइम बटरफ्लाय असणार. फोटो नाही. माझ्या सगळ्या उन्हाळ्यातलं सगळ्यात चांगलं फुलपाखरू ते आहे आणि ते मी बघितलेलंच नाही.

तर आक्का, थँक्यू. सरबताचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, डालग्यावरच्या दगडाचे किती होतात मला माहीत नाही. स्वोर्डटेलचा आणि त्या पाणी उडवणाऱ्याचा असे दोन फोटो मोठे करून लॅमिनेट केलेत, टपरीत गॅसपासून लांब लावा. वळीव दोनदा होऊन गेलाय, एकदा तुमच्याकडचा पाऊस लागला की त्या रस्त्यावर दहा फुटांपुढचं दिसत नाही, त्याच्या आधी एक रविवार पोतं परत द्यायला येतोय. आठला. बेळगावहून कुंदा आणतो. फणस राहिला असेल तर पाव मागं टाका आणि चार गरे माझ्यासाठी झाकून ठेवा, कोंबड्यांच्या शेजारी नको.

तुमचा,
फोटो काढणारा तम्मा