लायसन्स नाही म्हणून खाते गोठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय : मतदार ओळखपत्र नाकारून बचत खाते गोठवल्याबाबत

महोदय,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते. वय ७३. माझ्या पतीच्या पश्चात मिळणारे निवृत्तिवेतन तुमच्या शाखेत जमा होते. केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची पडताळणी, नव्याने करा असा निरोप आला म्हणून मी आधार कार्ड आणि मतदार ओळखपत्र घेऊन शाखेत गेले.

आधारसाठी यंत्रावर बोटे ठेवायला सांगितली. ठसे जुळले नाहीत. माझा जन्म काजूच्या बागायतीत गेला. बियांच्या चिकाने बोटांची कातडी कितीदा सोलली असेल. शिवाय वयोमानाने ठसे पुसट होतातच. मग मी मतदार ओळखपत्र पुढे केले, तर काउंटरवरच्या मुलाने फोटो जुना आहे म्हणून ते परत दिले आणि लायसन्स नाहीतर पासपोर्ट आणायला सांगितले. खाते तेव्हापासून बंद आहे. औषधांचे पैसे मी शेजाऱ्यांकडून उसने घेत आहे आणि याची मला फार लाज वाटते.

मी कधी वाहन चालवले नाही. आमच्या वाड्यावरच्या माझ्या वयाच्या बायका कदंबच्या सरकारी बसने किंवा पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसून बाजाराला गेल्या, लायसन्स कोणाकडेच नाही. आता काढायचे म्हटले तर चाळिशीनंतर डॉक्टरी दाखला लागतो, आणि गाडी चालवून दाखवावी लागते ती वेगळीच. पासपोर्टसाठी पणजी गाठायची, जन्माची नोंद पोर्तुगीज अमदानीतली, तीही शोधून काढायची. हे सगळे माझेच पैसे मला मिळावेत म्हणून?

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत पासपोर्ट, वाहन परवाना, आधार असल्याचा पुरावा, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचे जॉबकार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र ही सगळी कागदपत्रे मान्य आहेत. यांतले एक पुरते. मतदार ओळखपत्राला मुदत नसते. ७ मे २०२४ ला लोकसभेचे मतदान मी याच कार्डावर केले. सरकार निवडायला जो फोटो चालतो, तो तुमच्या शाखेत का चालू नये, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

माझे नाव, पत्ता काहीच बदललेले नाही. अशा वेळी खातेदाराचे स्वयंघोषणापत्र पुरते, असेही त्याच निर्देशांत आहे. ते मला कोणी सांगितले नाही. मुलगा उद्धट नव्हता, त्याला नियमच शिकवलेला नव्हता. म्हणून माझी तक्रार त्याच्यावर नाही, बँकेवर आहे.

खाते ताबडतोब सुरू करावे. मतदार ओळखपत्र व स्वयंघोषणापत्र या अर्जासोबत जोडले आहे, त्यावर केवायसी पूर्ण करावी. शाखेतल्या कर्मचाऱ्यांना मान्य कागदपत्रांची यादी लेखी द्यावी आणि ती मराठीत व कोंकणीत काउंटरजवळ लावावी. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या आणखी एका आजीलाही असेच परत पाठवले. सत्तर वर्षांपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच कळवले आहे, तेव्हा सही किंवा फोटो हवा असल्यास माणूस घरी पाठवावा.

तीस दिवसांत निकाल लागला नाही तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. माणूस पाठवणार असाल तर आधी फोन करावा. सकाळी मी घरीच असते.

आपली खातेदार
(नाव व खाते क्रमांक सोबतच्या अर्जात)