आप्पा तुमच्या वाड्यावर गेले होते

प्रिय सुध्या,

चार महिने तुझा फोन उचलला नाही. रागावला असशील, तर रास्तच आहे. माझी तब्येत बरी, शुगर आटोक्यात. पुढचं नीट वाच.

मंगळवारी सकाळी आप्पा घरातून नाहीसे झाले. दार सताड उघडं, चहा तसाच झाकलेला, आणि माझे बूट जागेवर नाहीत. गोल्फ क्लबचा ट्रॅक मी दोनदा पालथा घातला, सीबीएस बसस्टँडवर फलाट न् फलाट पाहिला. मंजू चौकीत बसून रडत होती. साडेदहाला पंचवटीतून फोन आला. त्यांच्या खिशातल्या डायरीत माझा नंबर होता म्हणून.

सापडले कुठे, तर तुमच्या वाड्यापाशी. वाडा कसला, आता तिथं चार मजली इमारत आहे. पायरीवर बसून वॉचमनला सांगत होते, "वहिनींना म्हणावं चहा टाका, पोरं येतीलच एवढ्यात." काकूंना जाऊन अकरा वर्षं झाली रे. हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

शालिमार, रविवार कारंजा, होळकर पूल, मालेगाव स्टँड. एवढ्या गर्दीतून एकटे, चालत. मी खाली वाकलो तर बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीत, टोकं आत खोचलेली. ब्रह्मगिरीच्या फेरीला कुशावर्तापाशी आपल्या दोघांच्या बांधल्या होत्या, अगदी तशाच. (त्या फेरीत तुझा बूट चिखलात गेला, तो मी ढकलल्यामुळे नव्हे. हवं तर लेखी देतो.) वार विचारला तर सांगता येत नाही, गाठ मात्र चुकत नाही.

डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं. आप्पांनी बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं लिहिले आणि मोठ्या समाधानानं पेन मिटवलं. रक्त झालं, बी-१२, थायरॉइड, एमआरआय. डिमेन्शियाच आहे.

मला रात्री झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. तीन वर्षांपूर्वी त्र्यंबक रोडवर पडून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हा फिरणं मी बंद केलं. त्यांचे बूट मीच माळ्यावर टाकले. ते महिनाभर भांडले, मग गप्प झाले. आणि आता वाचतो काय, तर पंचावन्न ते ऐंशी वयाच्या १२० जणांचा एक प्रयोग, २०११ सालचा. ज्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालणं केलं, त्यांच्या मेंदूतला आठवणींचा भाग दोन टक्क्यांनी वाढला. नुसतं अंग ताणणाऱ्यांचा घटला. म्हणजे मीच केलं का हे?

मग दुसरा अभ्यास सापडला. लंडनच्या दहा हजारांवर सरकारी नोकरदारांना १९८५ पासून तपासत आलेत. २०१७ मध्ये त्यांनी लिहिलं, की पुढे ज्यांना डिमेन्शिया झाला त्यांचं हिंडणं-फिरणं निदानाच्या नऊ वर्षं आधीपासूनच कमी होऊ लागलं होतं. चालणं थांबलं म्हणून विसर पडला, की विसर आत शिरला म्हणून चालणं मंदावलं? आठवून बघ, पडायच्या आधीच त्यांच्या पाचाच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. "कंटाळा आला" म्हणायचे. आप्पा आणि चालण्याचा कंटाळा! आपण वयावर ढकललं. दोन्ही वाचूनही माझा जीव शांत होत नाही, सुध्या. बूट माळ्यावर टाकणारा हात माझाच होता.

आता कितीही चाललं तरी गेलेलं परत येणार नाही, तेही कळलंय. इंग्लंडात डिमेन्शिया झालेल्यांना महिनोन् महिने व्यायाम दिला, अंगात ताकद आली, स्मरणाची घसरण काही थांबली नाही. तरी बूट खाली काढलेत. कानाचं मशीनही ड्रॉवरमधून काढून लावलंय, कमी ऐकू येणं हेही मोठं कारण म्हणतात. सहा वाजता आम्ही दोघं ट्रॅकवर असतो. तेवढा तासभर ते माझे आधीचे आप्पा असतात. माझ्या पुढे चालतात.

सईचं ॲडमिशन झालं का? वहिनींचा गुडघा कसा आहे? आणि तू दिवसभर त्या खुर्चीत बसणं सोड. ब्रिटनमधल्या हजारो लोकांच्या पावलांची मोजणी झाली, त्यात दिवसाला ३,८०० पावलं टाकणाऱ्यांतही डिमेन्शियाचा धोका पाव हिश्श्यानं कमी दिसला. तेवढी तर तू कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन-येऊन टाकशील. सत्तावन्न म्हणजे उशीर नव्हे. माझ्यासाठी चाल.

काल वळणावर आप्पा थांबले, मागे वळून बराच वेळ पाहत राहिले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "सुध्या मागे राहिला का रे? थांबू जरा."

श्रावणात ये. चार दिवस तरी.

तुझा,
बाळ्या