दारं धरताना

नवी पेठ, पुणे
९ डिसेंबर

ती. आप्पा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही. आई "जेवलीस का" विचारते, मी "हो" म्हणते. मागून आप्पा "अभ्यास कसा चाललाय" म्हणतात, मी "चांगला" म्हणते. दोन्ही उत्तरं कितीदा तरी खोटी होती. म्हणून कागद घेतला.

मार्चमधली एक गोष्ट मी लपवली. रात्री दोनच्या सुमाराला अभ्यासिकेत छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नीट निघाला. डॉक्टरीणबाईंनी झोप किती, चहा किती, सगळं विचारलं. झोप चार तास, चहा सात-आठ कप. म्हणाल्या, हृदयाला काही झालेलं नाही, हा भीतीचा झटका आहे. त्यांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. आई, रडू नकोस. आता बरी आहे, हे सांगायलाच लिहितेय.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय. नऊ पेपर, त्यातल्या सात पेपरांचे १७५० गुण धरतात. इतिहास उघडला की अर्थशास्त्र राहिलं वाटायचं, अर्थशास्त्र उघडलं की निबंध. जेवताना नोट्स, आंघोळीला जातानाही कानात लेक्चर. वाचत सगळं होते, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांची मुलगी अजून घरून पैसे मागते, ही टोचणी वेगळीच.

समुपदेशक बाईंनी श्वास शिकवला. घ्यायला जेवढा वेळ, त्याहून सोडायला जास्त. मग विचारलं, "तुला सगळ्यात शांत कुठं वाटलं होतं?" मला वाटलं होतं, एखादं देऊळ आठवेल. आठवलं ते आपलं रान. मी नववीत होते. त्या आठवड्यात पंपाची थ्री फेज लाईट रात्रीची होती, आणि आप्पा, तुम्ही मला बॅटरी धरायला नेलं होतं. गव्हाला पाणी चाललं होतं. तुम्ही खोऱ्यावर हात टेकून उभे, पाय चिखलात. पाणी वाफ्याच्या शेवटाला पोचेपर्यंत तुम्ही हललाही नाहीत. वाफा भरला, मग मातीचं दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतलं आणि मागचं ढेकळानं बुजवलं. मी घाई केली, "आप्पा, दोन्हीकडं सोडा की, लवकर होईल." तुम्ही म्हणालात, "दोन्हीकडं सोडलं तर एकाच्याही शेवटाला पोचत नाही, बाळ." एवढंच. पुन्हा पाण्याकडं बघत उभे राहिलात. अंधारात पाण्याचा बुडबुड आवाज तेवढा येत होता. ते सांगताना मी बाईंसमोर खूप रडले.

आता टेबलावर एका वेळी एकच पुस्तक असतं. बाकीची पिशवीत, खाली. एखाद्या दिवशी एकच वाफा भरतो. तरी रात्री अकराला दिवा बंद करते. टेलिग्रामचे ग्रुप सोडले. चहा दोनदाच.

पहाटे फोन खोलीवर ठेवून पर्वती चढते. १०३ पायऱ्या आहेत. वर गेल्यावर कठड्याशी बसते, सिंहगडाकडं बघते. पानिपत मी आजवर तारखेसाठी वाचलं, १४ जानेवारी १७६१. त्या लढाईत विश्वासराव पडले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे वडील नानासाहेब पेशवे याच पर्वतीवर गेले. त्यांची समाधी इथंच आहे. इतकी वर्षं पाठ केलेल्या ओळीत एक बाप होता, हे तिथं बसल्यावर पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी खाली उतरून धडा पुन्हा वाचला आणि आप्पा, तुमची फार आठवण आली.

रोज असं होतं असं नाही. परवा सराव पेपरात कमी गुण पडले, रात्रभर तळमळले. पण सकाळी पायऱ्या चढले, श्वास मोजला, आणि दहापर्यंत टेबलावर होते. मार्चमध्ये हे जमलं नसतं. निकाल काय लागेल ते माहीत नाही. यंदा नाही झालं तर एखादी नोकरी धरून पुढचा प्रयत्न करायचा, हे ठरवलंय. त्यावर आपण समोरासमोर बोलू. आई, तुझ्याकडं एक मागणं आहे. तुझे गुडघे दुखतात तेव्हा तूही "बरी आहे" म्हणू नकोस. मी खरं सांगितलंय, तूही सांग.

कृषीच्या नोट्समध्ये लिहिलंय, गव्हाला पहिलं पाणी पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना. आपली पेरणी धरली तर ते याच शनिवारी येतं. मी शुक्रवारच्या संध्याकाळच्या एसटीनं निघतेय. आप्पा, लाईट रात्रीची असेल तर मला झोपू देऊ नका, उठवा. या वेळी बॅटरी तुम्ही धरा, खोरं माझ्याकडं द्या.

तुमची,
ताई