दिग्या, सहावा ब्रेक बघ

पुणे,
११ जानेवारी २०२६

प्रिय दिग्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. सात मिनिटांतली साडेसहा मिनिटं मोटरी किती, हॉर्सपॉवर किती आणि शून्य ते शंभर किती सेकंदांत. शेवटी जाता जाता म्हणालास, "ब्रेक-सस्पेन्शनचं काय, बीएमडब्ल्यू आहे, चांगलंच असणार." अरे, मी अठरा वर्षं चाकणला ब्रेकच्या डायनोशेजारी (ब्रेक तपासायच्या यंत्राशेजारी) उभं राहून कान आणि नाक दोन्ही घालवली, आणि हे वाक्य माझ्याच मित्राने बोलावं! फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

तुला घ्यायचीय ती बीएमडब्ल्यूची २०२७ मध्ये यायची विजेवरची एम सेडान. (एम म्हणजे त्यांच्या वेगवान गाड्यांची मालिका.) दर चाकाला एक अशा चार मोटरी, आठशे व्होल्ट आणि शंभर युनिटांहून मोठी बॅटरी. (युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच.) आजची पेट्रोलची एम३ पावणेदोन टनांच्या आसपास आहे. एवढी बॅटरी पोटात घातल्यावर मी २,२०० किलो धरून चालतो. कमी भरली तर पेढे माझ्याकडून.

आता तू म्युनिकहून निघून नुर्बुर्गरिंगला जाणार, रविवारी पैसे भरून नॉर्डश्लाइफवर (तिथल्या जुन्या लांबलचक ट्रॅकवर) गाडी घालणार, हे मला माहीत आहे. समजा २०० च्या वेगातून ८० वर यायचंय आणि टायर एक जी धरतायत, म्हणजे गाडीच्या वजनाएवढ्या जोराने तिला अडवतायत. साडेतीन सेकंदांत काम संपतं, सव्वाशे-दीडशे मीटर जातात. तेवढ्यात २८ लाखांहून जास्त ज्यूल कुठेतरी टाकावे लागतात. तुला ज्यूल कळत नाहीत (कॉलेजातही कळत नव्हते), म्हणून असं सांगतो, तेवढ्यात नऊ लिटर गार पाणी उकळायला लागेल. अंघोळीची अर्धी बादली, साडेतीन सेकंदांत. आणि हे एका वळणाला. नॉर्डश्लाइफची एक फेरी २०.८ किलोमीटरची, वळणं सत्तरच्या वर.

तू म्हणशील, विजेची गाडी आहे, ती सगळी ऊर्जा परत बॅटरीत घेते. घेते की! बीएमडब्ल्यूच सांगते की त्यांच्या नव्या विजेच्या आयएक्स३ मध्ये रोजच्या वापरातलं ९८ टक्के ब्रेकिंग मोटरीच करतात. मला ते खरं वाटतं. पण "रोजच्या" हा शब्द नीट वाच. वर सांगितलेल्या ब्रेकला पहिल्या क्षणी १,२०० किलोवॅट लागतात. पोर्शेने २०२४ ला त्यांची विजेची टायकन सुधारली तेव्हा रीजनरेशन (मोटरीने ब्रेक लावून वीज परत घेणं) २९० वरून ४०० किलोवॅटपर्यंत नेलं, आणि तेवढ्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे सुरुवातीला मोटरींचा वाटा तिसरा हिस्सा, पूर्ण ब्रेकभर धरला तर जेमतेम अर्धा. उरलेलं सगळं लोखंडाच्या डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ज्या तबकडीला ब्रेकचे पॅड चिमटतात तिच्यावर. चार डिस्क मिळून चाळीस किलो धरल्या तर एका ब्रेकला सरासरी ७५-८० अंश चढतात. पुढच्यांना अर्थात जास्त. मोटरींनी अंग काढून घेतलं तर दीडशे.

मोटरी अंग कधी काढून घेतात? बॅटरी गच्च भरलेली असली की, किंवा थंडीने आखडलेली असली की. तुमच्या तिकडे दोन्ही होतं. वर डोंगरात हॉटेलमध्ये मुक्काम, रात्री गाडी १०० टक्के चार्ज, सकाळी उणे आठ तापमान आणि समोर दीड हजार मीटरचा उतार. तुम्ही दोघं आणि सामान धरून त्या उताराची ऊर्जा दहा युनिटं होते. थोडी हवेत आणि टायरमध्ये जाईल, बाकीची बॅटरीत जायला जागा नाही. तेव्हा वर मुक्काम असेल तर ८५ वर चार्जिंग थांबव. एवढं एक ऐक.

आणि हे मी तुला कशाला सांगतोय! आंबेनळी घाट आठवतो ना? महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना तुझ्या मामाची जीप, मी गिअर टाक म्हणतोय आणि तू ब्रेकवर पाय ठेवून गप्पा मारतोयस. आधी लायनरचा वास आला. मग पॅडल जे खाली गेलं ते गेलंच. तू तीन-चारदा पंप केलंस, दुसऱ्या गिअरला इंजिन किंचाळलं आणि आपण आतल्या अंगाला मातीच्या ढिगात शिरलो. खाली वाकून बघतो तर गळती कुठेच नाही. अर्ध्या तासाने पॅडल जणू काही झालंच नाही असं टणक. त्या दिवशी आपल्याला ते भुताटकीसारखं वाटलं होतं. ब्रेक ऑइल उकळलं होतं, बस. ते हवेतलं पाणी पितं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, पाणी प्यायल्यावर मानकाप्रमाणे १५५ पर्यंतच. मामांनी सहा वर्षं बदललं नव्हतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि तुझा पाय फरशीला टेकतो.

विजेच्या गाडीत तर ऑइल बदलायची आठवणच कोणाला राहत नाही, कारण पॅड वर्षानुवर्षं झिजत नाहीत. तीच तर गोम आहे. ब्रेक न वापरल्याने डिस्क गंजतात, त्यातून तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ. मागच्या डिस्क तर आधीच कमी राबतात. फोक्सवागनने आयडी.३ ला मागे सरळ ड्रम (बंद डब्यातले ब्रेक) दिले ते यासाठीही. लोक हसले, मी नाही हसलो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला घालून दोन-चार कडक ब्रेक मार. न्यूट्रलला रीजन नसतं, त्यामुळे पॅड डिस्कला घासून साफ करतात.

आता पॅडल. या गाड्यांमध्ये तू पाय दाबतोस आणि कॉम्प्युटर ठरवतो, किती मोटरीने आणि किती पॅडने. बीएमडब्ल्यूने त्या कॉम्प्युटरला 'हार्ट ऑफ जॉय' असं नाव दिलंय. नावाचं जाऊ दे, मला एकच बघायचंय: मोटरीकडून पॅडकडे काम जाताना माझ्या पायाला कळतं का? बॅटरी भरलेली असताना आणि अर्धी असताना पॅडल सारखंच लागतं का? पहिला ब्रेक सगळ्याच गाड्यांचा झकास लागतो. तू सहावा बघ, लागोपाठचा. पायाला पहिल्यापेक्षा बोटभर जास्त जावं लागलं तर विक्रेत्याच्या कॉफीचे आभार मानून घरी ये.

सॉफ्टवेअरला मी कमी लेखत नाही. २०१८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन मासिकाने टेस्ला मॉडेल ३ तपासली, तर ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले. टेस्लाने हवेतून अपडेट पाठवला आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबली. पान्याला हात न लावता जवळजवळ सहा मीटर! आमच्या लॅबमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. म्हातारे म्हणाले, हे आधीच का नाही जमलं. पोरं म्हणाली, बघा कसं जमलं. मला दोघांचंही पटलं. पण अपडेटने डिस्क जड होत नाही आणि ऑइल कोरडं होत नाही. टेस्लाचीच २०२१ ची मॉडेल एस प्लेड घे. हजारावर हॉर्सपॉवर, आणि ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी सिरॅमिक ब्रेकचा संच नंतर वेगळा विकावा लागला.

तू सिरॅमिक घेणार असशील तर मला विचारलं नाहीस असंच समजतो. वर्षातून चार फेऱ्यांसाठी एवढे पैसे घालू नकोस. हलकं असतं, गंजत नाही, सगळं कबूल. पण लोखंडी डिस्क, चांगले पॅड, दरवर्षी ताजं ऑइल आणि डिस्कवर वारा येईल अशी वाट, एवढ्यावर तुझं भागेल.

सस्पेन्शनबद्दल मला त्या मानाने काळजी कमी आहे. बॅटरी तळात, त्यामुळे गाडी मुळातच कमी झुकते. वरचं वजन जास्त आणि चाकाकडचं त्या प्रमाणात कमी, म्हणून खड्ड्यावर ती चाकाचं फारसं ऐकून घेत नाही; ऑटोबानवर तुला गालिच्यावर बसल्यासारखं वाटेल. भानगड उंचवट्यावर होते. गाडी वर उचलली जाते आणि खाली येताना सव्वादोन टन एकदम बसतात. तिथे शॉकअबने (शॉक ॲब्सॉर्बरने) एका दमात तिला धरलं पाहिजे. दुसरा हेलकावा आला की समज, स्प्रिंग कडक केल्यात आणि शॉकअब मागे राहिलेत. टायकनने यावर दर चाकाच्या शॉकअबला विजेचा पंप जोडून गाडी वळणात आतल्या बाजूला झुकवून दाखवली. हुशारी आहे, पण मला एम गाडीकडून तसलं काही नको. साध्या स्टीलच्या स्प्रिंगा आणि कमी-जास्त होणारे शॉकअब, मन लावून जुळवलेले. शेवटी सगळं टायरवरच येतं, आणि टायरचा स्वभाव असा की वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट देत नाही. चार मोटरी वळणात गाडीचं नाक छान आत ओढतील, पण तेही त्याच चार टायरांकडून उधार घेऊन.

घाई करू नकोस. तोवर ह्युंदाईची आयॉनिक ६ एन चालवून ये. तीही सेडानच. तिची थोरली बहीण आयॉनिक ५ एन नुसत्या मोटरींवर ०.६ जी पर्यंत ब्रेक लावते. पायाला चव कळेल, म्हणजे मग बीएमडब्ल्यूच्या नावावर भाळणार नाहीस.

आणि टेस्ट ड्राइव्हला वहिनींना मागच्या सीटवर बसव, हातात काठोकाठ कॉफी देऊन. त्यांनी दुसऱ्याच वळणाला "परत फिरा" म्हटलं की मला फोन कर.

मामांची जीप अजून साताऱ्याला शेडमध्ये आहे. दिवाळीत गेलो होतो. ब्रेक ऑइल बदलून आलोय.

तुझा,
अव्या