वर्क्सवर्थच्या आजींना

आजी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र माझा नवरा तुम्हाला वाचून दाखवील. मराठीत लिहितेय, कारण तुम्ही माझ्या सासऱ्यांसाठी काय केलंत ते माझ्या माणसांनाही कळायला हवं.

सासऱ्यांचं घराणं इंग्लंडमधल्या डर्बीशायरचं, शिशाच्या खाणीत राबलेलं. बाहेरून स्वस्त शिसं यायला लागलं, भाव पडले, खाणी बंद झाल्या आणि त्यांचे आजोबा पोरवयातच गाव सोडून गेले. मागचं सगळं तुटलं. ते जुळवायला आम्ही आधी एका व्यावसायिक संशोधकाला भरपूर पैसे मोजले. त्याने सोनेरी कडांची वंशावळ धाडली. तिच्यात पूर्वज म्हणून दाखवलेला माणूस आठ महिन्यांचा असतानाच गेलेला! 1813पासूनच्या दफनाच्या छापील नोंदवहीत वय लिहिलेलं असतं; तेवढं एक पान उघडलं असतं तरी कळलं असतं. जाब विचारला तर उत्तरही नाही. सासरे त्या नावापुढे रोज मेणबत्ती लावत होते हो. त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

तुम्ही एक पेनीही घेतली नाहीत. मॅटलॉकच्या अभिलेखागारात बसून बाप्तिस्म्याच्या नोंदी ताडून पाहिल्यात. एकाच नावाचे तीन बाप होते, त्यातला खाणकामगार तो आमचा, हे धंद्याच्या रकान्यावरून तुम्ही ओळखलंत. त्याने लग्नाच्या नोंदीत सहीच्या जागी फुली मारलीय, तीही दाखवलीत.

पण मी लिहायला बसले ते थडग्यापाशी घडलं त्यासाठी. सेंट मेरी चर्चच्या सावलीतला, दगडफुलाने माखलेला तो दगड. मी ब्रश काढला तर तुम्ही माझा हात धरलात. घासलं की दगडाचा पापुद्रा निघतो, म्हणालात. मग पिशवीतून आरसा काढलात, ओल्या गवतात गुडघे टेकलेत आणि सावलीबाहेरचं ऊन दगडावर तिरकं पाडलंत. कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर अक्षरं उठून आली.

तुम्ही आदल्या दिवशीच ते नाव वाचून गेला होतात, हे मला मागाहून कळलं. तरी चकार शब्द काढला नाहीत. सासरे एकेक अक्षर बोटाने चाचपत होते, चुकत होते, पुन्हा मागे येत होते. तुमचा हात भरून आला असणार, पण ऊन जागचं हललं नाही. आडनाव लागलं तेव्हा त्यांनी ते मोठ्याने दोनदा उच्चारलं. माझ्या वडिलांना नाशिकच्या तीर्थोपाध्यायांनी चोपडीत पणजोबांची सही दाखवली होती, तेव्हा त्यांचाही आवाज असाच झाला होता.

परक्याचे पूर्वज घरचे मानून जपणारी, आणि त्यांच्या शोधाचा आनंद ज्याचा त्याला घेऊ देणारी माणसं अजून आहेत. तुमच्यामुळे हे मी ठामपणे म्हणू शकते.

उत्तरेकडच्या दगडांवरची अक्षरं झिजायच्या आत उतरवून घ्यायचीत म्हणालात ना? मे महिन्यात आम्ही येतो. सासरेही येणार आहेत, त्यांना लिहून घ्यायचं काम द्या.

तुमची ऋणी,
खाणकामगाराच्या घरातली सून