मणक्याच्या शस्त्रक्रियेसोबत हाडाच्या उपचारालाही योजनेत जागा द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तिच्यामुळे कित्येक कुटुंबे कर्जातून वाचली, हे मान्य करूनच मी, येथील एक फिजिओथेरपिस्ट, तिच्यातील एका उणिवेकडे आपले लक्ष वेधत आहे.

शहराच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायका माझ्याकडे पाठदुखीसाठी येतात. त्यांतल्या साठीच्या एका बाईंच्या पाठीत घागर उचलताना कळ आली. ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगून त्यांना नुसती वेदनाशामक इंजेक्शने दिली गेली. बाजूने एक्स-रे निघाला तो बऱ्याच उशिरा, आणि त्यात पाठ व कंबर जिथे जुळतात तिथला मणका हाड ठिसूळ झाल्याने मोडून पुढून दबलेला दिसला. तोवर उंची इतकी घटली होती की साडीच्या निऱ्या पायात येऊ लागल्या होत्या.

अशा बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. औषधे, पट्टा आणि लवकर हिंडते-फिरते होणे यांवर दुखणे ओसरते. मणक्यात सिमेंट भरण्याचा उपायही सरसकट करण्याजोगा नाही, कारण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत तो सिमेंट न भरता केलेल्या केवळ दिखाऊ प्रक्रियेपेक्षा सरस ठरला नव्हता. मात्र पायांतली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मज्जारज्जूवरचा दाब काढून स्क्रू आणि रॉडने मणके स्थिर करण्यास विलंब चालत नाही. ठिसूळ हाडात स्क्रूची पकड सैल पडते, त्यामुळे हे काम अनुभवी हातांचेच आहे.

पण शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी हाड ठिसूळच राहते. एक मणका मोडलेल्या सुमारे पाचांपैकी एका स्त्रीचा दुसरा मणका वर्षभरातच मोडतो. झोलेड्रॉनिक ॲसिड हे वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषध; २००७ च्या मोठ्या चाचणीत त्याने तीन वर्षांत मणक्यांची नवी फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी कमी केली. मूत्रपिंडाचे कार्य, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून ते द्यावे लागते, इतकीच काय ती अट. योजनेची रचना मात्र दाखल रुग्णाच्या पॅकेजभोवती असल्याने ज्यांना शस्त्रक्रिया लागत नाही त्याच बायका या उपचारापासून वंचित राहतात.

म्हणून विनंती अशी, की ठिसूळपणामुळे मणका मोडलेल्या प्रत्येक रुग्णाची हाडांच्या घनतेची तपासणी आणि हे वार्षिक इंजेक्शन, शस्त्रक्रिया होवो वा न होवो, योजनेत समाविष्ट करावे. आणि पन्नाशीनंतर अचानक पाठ धरलेल्या स्त्रीचा बाजूने एक्स-रे उपजिल्हा रुग्णालयातच काढण्याचा लेखी आदेश द्यावा. सोलापूरचे सिव्हिल हॉस्पिटल आपल्या नव्हे, तर वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येते, याची जाणीव आहे. तेव्हा हा आदेश दोन्ही खात्यांनी मिळून काढावा.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट, सोलापूर